उठतानाचे फोटो

४ फेब्रुवारी

चि. बारक्या,

ताईचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तुम्ही तिघंही ठीक असाल असं धरून चालते, कारण तू होऊन काही कळवत नाहीस. पत्र बघून हसशील. हस. फोनवर तू 'हो ताई, हो ताई' करत दुसरंच काहीतरी टाइप करत असतोस, ती टकटक मला इकडे ऐकू येते. मेसेज केला तर अंगठा दाखवतोस. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून पत्र.

बाबांचा खोकला कमी आहे. स्टुडिओची मागची खोली रिकामी झाल्यापासून त्यांना बरं वाटतंय म्हणे. "निगेटिव्हचा तो आंबट वास माझ्या छातीत बसला होता, बारक्याने एका दुपारी सगळं उचलून कचऱ्याच्या गाडीत घातलं," हे ते प्रत्येक गिऱ्हाईकाला ऐकवतात. गिऱ्हाईक बिचारं ओळखपत्राचा फोटो काढायला आलेलं असतं.

आणि कॉम्प्युटरवरच्या तुझ्या त्या काळ्या खिडकीचं कौतुक तर विचारूच नकोस. दोन वर्षं मी स्कॅनरपुढे बसून एकेक निगेटिव्ह ब्रशने झाडली, काचेवर ठेवली, आत घेतली. माझी मान अजून धड वळत नाही. तू आलास, काळ्या खिडकीत एक लांबलचक ओळ लिहिलीस, एंटर दाबलंस आणि म्हणालास, "ताई, चहा टाक, तोवर होतंय." झालंही! सगळे फोटो एका मापाचे, उजळलेले, कडा कापलेले, 'तयार' नावाच्या एका फोल्डरात. बाबांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. "हिला दोन वर्षं लागली, त्याने चहा निवायच्या आत केलं!" मी कप विसळत होते. तोंडावर आलं होतं, अहो बाबा, मी आत घेतले होते म्हणून त्याने मापाला आणले. पण म्हटलं तू चार दिवसांचा पाहुणा, उगीच कशाला.

आता कामाचं. प्रदर्शनवाल्या बाई पुढच्या आठवड्यात येताहेत. त्या कलादालनातल्या, ज्यांना मी फोनवरून थोडे नमुने पाठवले होते. म्हणजे काय, स्क्रीनवरच्या फोटोचा फोनने काढलेला फोटो, ओबडधोबडच. तेवढ्यावर त्या हरखल्या. त्यांना बाबांचे उठतानाचे फोटो हवेत, माणसाच्या उंचीएवढे, अख्खं दालन भरून.

तू लवकर घराबाहेर पडलास म्हणून सांगते, विसरला असशील. बाबा गिऱ्हाईकाला स्टुलावर बसवायचे, हनुवटी वर, खांदा सरळ, खटका. मग म्हणायचे, "झालं, उठा." आणि माणूस सैल होऊन उठायला लागला की आणखी एकदा खटका. तो फोटो कधी कुणाला दाखवला नाही, विकला नाही. "बसलेला फोटो गिऱ्हाईकाचा, उठतानाचा माझा," असं म्हणायचे. एका माणसाला एकच नंबर, मग निगेटिव्ह दोन का असेनात. मीही तसंच ठेवलं होतं. 'बसलेले' आणि 'उठताना' असे दोन फोल्डर, आत तेच नंबर.

तर तो 'उठताना' तू कुठे हलवलास? 'तयार'मध्ये मला नुसते बसलेलेच दिसताहेत. मला त्या खिडकीतलं काही कळत नाही, मीच चुकीच्या ठिकाणी बघत असेन. एका ओळीत कळव म्हणजे झालं.

स्टुडिओच्या कागदांचं तू निघताना म्हणालास, की बाबांनी आपणहून केलं आणि तुला काही माहीत नव्हतं. ठीक आहे. त्यावर मला काही बोलायचं नाही.

छकुलीला गोड पापा. वहिनीला सांग, तिने दिलेली शाल बाबा काढतच नाहीत.

तुझी,
ताई

२७ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद. फोन केलास, बरं केलंस. पण फोनवर तू जे बोललास ते माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून पुन्हा लिहायला बसले.

आधी म्हणालास, "असेल ताई, नीट बघ." मी नीट बघितलं. मग म्हणालास, "मला वाटलं, डुप्लिकेट होते. आकडा निम्मा झालेला दिसला, म्हटलं बरंच झालं, कचरा गेला." कचरा! आपल्या बापाची आयुष्यभराची कमाई आहे रे ती. तुला आकडा निम्मा झालेला दिसला आणि तू चहा पीत बसलास?

नेमकं काय झालं ते मी स्वतः करून बघितलं. तू लिहिलेली ओळ त्या खिडकीत वरचा बाण दाबला की पुन्हा येते, एवढं तूच मला शिकवलं होतंस. मी एक वेगळा फोल्डर केला. त्यात आपल्याच अंगणाचे दोन फोटो, एक 'उठताना'मध्ये, एक 'बसलेले'मध्ये, दोघांना नंबर एकच. तुझी ओळ त्यांच्यावर चालवली. ती काय करते? प्रत्येक फोल्डरात शिरते, फोटो उचलते, लहान करते, उजळवते, कडा कापते आणि त्याच नंबराने 'तयार'मध्ये टाकते. आधी 'उठताना'तला फोटो येऊन बसला. मग 'बसलेले'मधला आला आणि त्याच्याच जागेवर बसला, आधीच्याला पुसून. दोन आत गेले, एक बाहेर आला. हूं की चूं नाही. विचारलंसुद्धा नाही, की बाई गं, इथे एक आहे, त्याच्यावर ठेवू का?

मला वाटलं, हरकत नाही, मूळ स्कॅन असतीलच. ते तू 'फार जागा खातात' म्हणून काढून टाकलेस. बरं, कपाटात माझी दुसरी डिस्क होती. ती मीच जपून ठेवलेली, पण तू मागून घेतलीस. "दोन्हीकडे सारखंच असायला हवं ताई." केलंस सारखं. तिथलंही सगळं काढून 'तयार'च ओतलास. आणि त्याच दुपारी निगेटिव्ह गाडीत गेल्या, कारण 'आता सगळं आत आलंय'. एकाच मुक्कामात तू तिन्ही दारं बंद करून गेलास, आणि मी तुला स्टेशनवर पोचवायला आले, तुझी बॅग उचलून.

डिस्का घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने दोन्ही जोडून बघितल्या. म्हणाला, "ताई, नुसतं काढलं असतं तर काही तरी हाती लागलं असतं. पण जुन्या जागेवर हे नवीन भरलंय." नंतर त्याने पैसे घेतले नाहीत. मला त्याचाच राग आला. मयताच्या घरी आल्यासारखा तोंड पाडून उभा होता.

प्रदर्शनवाल्या बाई येऊन गेल्या. मी त्यांच्यापुढे 'तयार' उघडला. त्यांनी थोडे बघितले, चष्मा काढला आणि विचारलं, "आणि ते दुसरे?" मी सांगितलं, नाहीत. त्या सज्जन बाई, बाबांना नमस्कार करून निघाल्या. जिन्यात मात्र मला म्हणाल्या की असे बसलेले फोटो कुठल्याही स्टुडिओत असतात, यांचं प्रदर्शन नाही करता येणार. बाबा दारातच होते. त्यांना दिसत कमी असलं तरी ऐकू स्वच्छ येतं.

त्या दिवसापासून ते कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसतात. मला एकेक बसलेला फोटो लावून कुणाचा ते सांगायला लावतात आणि पुढचा काय होता ते बोलतात. "या हेडमास्तरांनी उठताना पाठ खाजवली होती, डोळे मिटून." "ही नवी नवरी, हिने आधी चपला काढल्या." "या जोडप्याने हात सोडले, बघ, खटका झाल्याबरोबर सोडले." आईचाही आला. नाक मुरडल्यासारखं तोंड करून बसलेली. बाबा म्हणाले, "उठताना तिने मला शिवी घातली होती. ओठ बघितलेस ना तू स्कॅन करताना? भ-वर होते." मी बघितले होते. आईचा तेवढा एकच फोटो होता, ज्यात ती आईसारखी दिसायची. मला तो इतका आवडायचा की त्या दिवशी मी स्कॅनर बंद करून बाहेर फिरून आले होते.

बाबांनी विचारलं, "कुणाच्या हातून गेले?" मी खरं ते सांगितलं. बारक्याच्या ओळीने गेले, त्याला कळलं नाही. बाबा हसले रे. चक्क हसले. "तो मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रं चालवतो, त्याच्या हातून? आणि तुझ्या हातून नाही?" मी त्यांना अंगणातल्या दोन फोटोंचा प्रयोग करून दाखवायला गेले. त्यांना पडद्यावरचं धड दिसत नाही, माझी बोटं कुठे फिरताहेत ते कुठून दिसणार? म्हणाले, "तू दोन वर्षं त्या यंत्रावर होतीस. तो एक तास होता." त्यानंतर आणखी एक बोलले. ते मी लिहीत नाही.

आता ऐक. मला तुझ्याकडून दुसरं काही नको. माफी नको, डिस्क नको, मदत नको. बाबांना फोन कर आणि सांग, "माझ्या हातून झालं." एवढंच. माझा शब्द ते धरत नाहीत, तुझा धरतात. रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी तुझी छकुली काय करते विचारतील. तुला ते कायमचे रागावूच शकत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. म्हणून तर तुला सांगणं सोपं आहे. माझं तसं नाही.

वाट बघते. लवकर कर.

ताई

३० मार्च

बारक्या,

महिना गेला. तू फोन केलास. मला नाही, बाबांना. मला वाटलं, केला एकदाचा. मी मुद्दाम बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, म्हटलं बापलेकांना बोलू दे. बाबांचा आवाज भरून आला होता. "तुझं मन मोठं आहे रे," असं म्हणाले. मी बाहेर कठड्याला धरून उभी होते आणि माझ्या डोळ्याला पाणी आलं. वेडीच मी! वाटलं, पोराने कबूल केलं, आणि हे त्याला शाबासकी देताहेत.

मग आत गेले. बाबांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "त्याने तुझ्यासाठी रदबदली केली. म्हणाला, बाबा, ताईला माफ करा, तिनेही खूप केलंय तुमचं. त्याच्या सांगण्यावरून मी सोडून देतो. यापुढे हा विषय नाही."

तू माझ्यासाठी माफी मागितलीस. तू. खोटं बोलला असतास, "मला काही माहीत नाही" म्हणाला असतास, तर मी तुला भित्रा म्हटलं असतं आणि सोडून दिलं असतं. लहानपणापासून तू भित्राच आहेस, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुताना माझा फ्रॉक धरून उभा राहायचास. पण हे भित्रेपण नव्हे. हे फार हुशारीचं काम आहे. एका फोनमध्ये चूक माझी झाली, मोठेपणा तुझा झाला आणि विषय कायमचा बंद. या कामाला तुला त्या काळ्या खिडकीचीही गरज पडली नाही.

मागच्या पत्रात जे लिहिलं नाही, ते आता लिहिते. बाबा म्हणाले होते, "स्टुडिओ मी त्याच्या नावावर केला, म्हणून तू हे मुद्दाम केलंस."

मुद्दाम. बापाने मला म्हटलं. ज्या फोटोंसाठी मी घरात आलेली दोन स्थळं 'आत्ता काम चालू आहे' म्हणून टाळली, ज्यांच्या धुळीने माझे डोळे लाल व्हायचे, ते मी मुद्दाम पुसले, कारण मला दुकान मिळालं नाही. मला दुकान हवं होतं का? हो, हवं होतं. आता लपवण्यात काय अर्थ आहे? शटर मी उघडते, पडदा मी बदलते, रडणाऱ्या पोरांपुढे माकडचेष्टा मी करते. कागदावर तुझं नाव बघितलं तेव्हा मला कुणी तरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पण बारक्या, म्हणून मी बाबांचे फोटो पुसेन? तू मला ओळखतोस. तू तरी ओळखतोस. बाबांना कोण सांगणार, ही तशी नाही म्हणून? तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तू माफी मागितलीस.

वहिनीचा निरोप आला, की 'ताई, जाऊ दे ना, ते आता वयस्कर आहेत, फोटो परत येणार आहेत का?' तिला सांग, फोटोंचं मी केव्हाच जाऊ दिलं. मी माझ्याबद्दल बोलतेय.

माफी मिळाल्यापासून घरात फार शांतता आहे. बाबा मला आता चांगलं वागवतात. पूर्वी खेकसायचे, आता जेवताना "घे, तू पण घे" असं म्हणतात, गुन्हेगाराला जपावं तसं. काल एक म्हातारं गिऱ्हाईक आलं, त्यांचा बसलेला फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा आपल्याकडे होता. बाबा त्यांना म्हणाले, "तुमचा उठतानाचाही होता. माझ्या मुलीने पुसून टाकला. पण आम्ही आता त्याबद्दल बोलत नाही." मी तिथेच होते, पाठीमागचा पांढरा पडदा सरळ करत. म्हातारबुवा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांची हनुवटी वर केली, खांदा सरळ केला आणि फोटो काढला.

म्हणून हे पत्र. नीट वाच, कारण यानंतर मी लिहिणार नाही.

त्या फोनवर तू बाबांना आणखी एक म्हणालास, "इकडे कधीही या बाबा, तुमचंच घर आहे." तू म्हणायचं म्हणून म्हणालास, मला माहीत आहे. बाबांनी ते धरून ठेवलं. रोज विचारतात, "बारक्याकडे कधी जायचं?" तर मी तिकीट काढलंय. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने ते तुझ्याकडे पोचतील. माझी मैत्रीण त्याच गाडीने जातेय, ती सोबत आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. त्यांच्या बॅगेत औषधं, चष्मे आणि ती शाल आहे. जेवण साडेबाराला लागतं, एक वाजला की चिडतात. डाव्या कानाशी बोललं तर लवकर कळतं. स्टुडिओच्या किल्ल्याही त्यांच्याजवळच दिल्यात. दुकान तुझं आहे, तू बघ. मला एका छापखान्यात काम मिळालंय, सोमवारपासून जाते. राहायला वरची खोली देताहेत.

बाबा खुशीत आहेत. मुलाकडे जायचं म्हणून दोनदा दाढी केली. हसून बोलतात. पण एक सांगून ठेवते. माझ्यासमोर ते विषय काढत नाहीत, तुला शब्द दिलाय ना. आत मात्र तो विषय संपलेला नाही. दुपारी जरा डोळा लागून उठले की खुर्चीतच, अर्धवट झोपेत, विचारतात. मला नाही, भिंतीला. "तिने असं का केलं असेल? मी तिचं काय वाईट केलं होतं?" मी दाराआड उभी राहून ऐकते. मला उत्तर देता येत नाही, कारण माझ्या उत्तरावर त्यांचा विश्वास नाही.

आता ते तुझ्या घरात, तुझ्या खुर्चीत बसून विचारतील. रोज विचारतील. भिंतीला नाही, तुलाच विचारतील, कारण तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव.

नात्याने मोठी बहीण